पद्मिनीच्या गंजलेल्या तळावर वेल्डिंग शिकताना

जुनी फियाट किंवा पद्मिनी मोटार घरी आणली की पहिले काही आठवडे इंजिनातच जातात. कार्बोरेटर साफ होतो, प्लग बदलतात, गाडी सुरू होते, घरातले खूश होतात. मग कधीतरी कुणीतरी पायाखालचं रबरी मॅटिंग उचलतं आणि खालचा रस्ता दिसतो. या गाड्यांचं खरं दुखणं पत्र्यात असतं. इंजिनाचे सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत शोधता येतात, जाणता मिस्त्रीही मिळतो. पण गंजलेला तळ हाताने, तुकड्या-तुकड्याने बदलत बसायला कुठल्याच गॅरेजला वेळ नसतो. म्हणून ते काम आपणच शिकावं असं मला मनापासून वाटतं. ज्यांनी वेल्डिंगची गन कधी हातात धरलेली नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. पातळ पत्र्याचं वेल्डिंग म्हणजे उष्णता आवरणं. दोन पत्रे जोडणं त्या मानाने सोपं आहे. जोडताना ते जळू न देणं, वाकू न देणं, हे शिकायचं असतं. पुढचं जवळजवळ सगळं त्याभोवतीच फिरतं.

आधी गाडी वाचा

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघायला लागली, तीच पुढे पद्मिनी झाली. तिची बांधणी मोनोकॉक आहे, म्हणजे जीपसारखी वेगळी चासी खाली नाही. तळाचा पत्रा, दरवाजांखालच्या पोकळ सिल, खांब आणि छत मिळून गाडीचा भार पेलतात. त्यामुळे जीपचा फ्लोअर कापून बाजूला ठेवता येतो तसा हिचा ठेवता येत नाही. अँबेसेडरचंही तेच.

सीट, मॅटिंग, खालचं नमदं सगळं बाहेर काढा. गाडी सपाट जागेवर घोड्यांवर, म्हणजे गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीही शिरू नका. हातात जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि तळ, सिल, जॅक लावायच्या जागा, बॅटरीचा ट्रे, डिक्कीचा तळ, चाकांच्या कमानी आणि दरवाजांच्या खालच्या कडा टोचत जा. चांगला पत्रा टणक आवाज देतो. गंजलेला बद्द वाजतो आणि टोक आत जातं. प्रत्येक भोकाभोवती खडूने असा घेर काढा, की घेराबाहेर सगळा निरोगी पत्रा असेल. घेर मनात होता त्याच्या दुप्पट येतो, घाबरू नका.

पुण्यातल्या गाड्या बहुधा आतून गंजतात. पावसाळ्यात ओले बूट आत येतात, काचेच्या रबरातून पाणी झिरपतं, ते मॅटिंगखाली मुरतं आणि तिथेच राहतं. मुंबईहून आलेली गाडी असेल तर खाऱ्या हवेने सगळीकडूनच खाल्लेली असते. तिचे खांब आणि पोकळ भाग जास्त बारकाईने तपासा.

याच वेळी भरपूर फोटो काढून ठेवा. चासी नंबर जिथे ठोकलेला आहे ती जागा शोधा, तिच्यावर टेप लावा, आणि तिथे ग्राइंडर न्यायचा नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. तो नंबर घासला गेला तर आरटीओत गाडीची ओळखच संपते.

कोणतं वेल्डिंग

गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे ग्रिल-गेटसाठी असतं ते आर्क वेल्डिंग. रॉड, होल्डर, स्लॅग ठोकून काढायचा. जाड अँगलला उत्तम, पण गाडीचा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो आणि रॉड टेकताच भोक पडतं. जुने डेंटर गॅस वेल्डिंगवर अप्रतिम काम करतात. ते कौशल्य वर्षानुवर्षांचं आहे, त्यात उष्णता फार पसरते, आणि ॲसिटिलीनची बाटली घरात ठेवावी असं मी कुणाला सांगणार नाही.

नवख्याने घ्यावं ते मिग. गनमधून तार आपोआप बाहेर येते, भोवती गॅस सुटतो, एका हाताने काम होतं. सिंगल फेजवर चालणारं इन्व्हर्टर मशीन पुरतं. घेताना 'जास्तीत जास्त किती अँपिअर' हे विचारू नका, 'कमीत कमी किती' ते विचारा. आपल्याला ४० ते ६० अँपिअरवर स्थिर चालणारं मशीन हवं. दुकानात २०० अँपिअरचा आकडा कौतुकाने दाखवतात, पत्र्याच्या कामाला त्याचा काही उपयोग नाही.

तार ०.८ मिमी घ्या, ०.६ मिळाली तर पातळ पत्र्यावर आणखी सोपं जातं. गनचा टिप आणि रोलरची खाच तारेच्या मापाचीच हवी, नाहीतर तार अडखळते आणि दोष आपल्या हाताला लागतो. बिनगॅसची फ्लक्स-कोअर तारही मिळते (गॅसचं काम तारेच्या पोटातली पूड करते), पण ती जास्त तापवते आणि शिंतोडे उडवते. शिवाय तिच्यासाठी मशीनची पोलॅरिटी उलटी करावी लागते: साध्या तारेला गन पॉझिटिव्हवर, फ्लक्स-कोअरला सहसा निगेटिव्हवर. गॅस उडवून नेणाऱ्या वाऱ्यात ती कामाला येते. आडोशाच्या पार्किंगमध्ये गॅसच बरा.

गॅसमध्ये दोन पर्याय. नुसता कार्बन डायऑक्साइड स्वस्त, पण आर्क खरखरीत. आर्गॉनमध्ये सुमारे २० टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेला गॅस महाग, पण आर्क मऊ आणि शिंतोडे कमी. शिकण्यासाठी मिक्स गॅस घ्या, पैसे वसूल होतात. कार्बन डायऑक्साइडच्या रेग्युलेटरला हीटर लागतो, कारण गॅस सुटताना तो गोठतो. सिलिंडर डिपॉझिट भरून अधिकृत गॅसवाल्याकडूनच घ्या आणि उभा, साखळीने भिंतीला बांधून ठेवा. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात वाईस, क्लॅम्प, हातोड्या जरूर शोधा. सिलिंडर, रेग्युलेटर आणि डोळ्यांवरचा मास्क मात्र तिथून आणू नका.

विजेचं गणित अवघड नाही. ६० अँपिअरला साधारण १७ व्होल्ट, म्हणजे आर्कमध्ये एक किलोवॅटच्या आसपास. घरातलं १६ अँपिअरचं पॉइंट, नीट अर्थिंग असेल तर, पुरतं. एक्स्टेंशन वायर निदान २.५ चौरस मिमीची हवी आणि पूर्ण उलगडलेली. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते.

जागा आणि जीव

हा भाग वगळून पुढे जाऊ नका.

पेट्रोलची टाकी गाडीतून काढा आणि दूर नेऊन ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ भरलेली असते. टाकीला वेल्डिंग करायचा विचारही करू नका, पाण्याने धुतली असली तरी. तळाखालून पुढच्या पंपापर्यंत जाणारी पेट्रोलची नळी आणि ब्रेकच्या नळ्या कुठून जातात ते पाहा. कामाच्या जागेजवळ येत असतील तर सोडवून बाजूला घ्या. बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढा. पत्र्याच्या मागच्या बाजूला डांबरी लेप असेल तर तो खरवडून काढा, तो पेट घेतो आणि आपल्याला दिसतही नाही.

आग बहुतेक वेळा मागे लागते. आपण मास्क लावून पुढे काम करत असतो आणि मागे नमद्याचा तुकडा धुमसत असतो. म्हणून सोबत माणूस हवाच. त्याच्याकडे पाण्याची बादली, ओलं गोणपाट आणि ड्राय पावडरचा अग्निशामक द्या. मशीन चालू असेल तर पाणी नाही, आधी मेन स्विच, हे त्याला सांगून ठेवा. काम संपल्यावर तासभर गाडीजवळून हलू नका आणि मागच्या बाजूला हात फिरवून गरम जागा शोधा.

ऑटो-डार्कनिंग, म्हणजे आर्क पेटताच काच आपोआप काळी होणारा मास्क घ्या, शेड (काचेचा गडदपणा) ९ ते १३ अशी बदलता येणारी. आपल्या कामाला ९ किंवा १० पुरते. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिला तर लगेच काही होत नाही. मध्यरात्री डोळे खुपायला लागतात, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. डोळ्यांना वेल्डिंग लागलं म्हणतात ते हेच. बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करत असाल तर भोवती जुन्या पत्र्यांचा आडोसा उभा करा, कारण लहान मुलं तो निळा उजेड पाहायला हमखास येतात. सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि दुपारी एक ते चार ग्राइंडर बंद ठेवा. शेजारी सोबत असले तर काम महिनोन्महिने चालू शकतं.

अंगात जाड सुती कपडे, पूर्ण बाह्या, चामड्याचे हातमोजे आणि बूट. टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं. ग्राइंडरला गार्ड हवाच, आणि मास्कच्या आत ठिणग्यांपासून वाचवणारा पारदर्शक चष्माही. गॅल्वनाइज्ड पत्र्यावर वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर येतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो, म्हणून तो वापरूच नका. पत्रा ब्रेक क्लीनरने पुसून लगेच वेल्डिंग करू नका. क्लोरिन असलेल्या क्लीनरपासून आर्कजवळ विषारी वायू होतो. थिनरने पुसा, पूर्ण सुकू द्या, बाटली दूर ठेवा. आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतात आणि खोलगट जागेत साठतात, त्यामुळे बंद तळघरात काम नको.

भंगारावर हात बसवा

दुकानात 'सीआरसी २० गेज' मागा, म्हणजे कोल्ड रोल्ड पत्रा, तो साधारण ०.९ मिमी असतो. भोसरीच्या एमआयडीसी परिसरात फॅब्रिकेशनवाल्यांकडे कापून उरलेल्या पट्ट्या मिळतात. जुन्या कपाटाचा पत्राही चालेल, पण रंग पूर्ण घासून काढा. रंगावर, गंजावर, तेलावर वेल्डिंग बसत नाही. मिग या बाबतीत फार नाजूक आहे: दोन्ही बाजूंनी, कडेपासून दोन-तीन सेंटीमीटर, चांदीसारखा चकचकीत पत्रा हवा. अर्थचा क्लॅम्पही अशाच चकचकीत जागेवर, कामाच्या जितका जवळ तितका बरा.

सुरुवात अखंड पत्र्यावर करा, जोड नको. तार टिपच्या बाहेर ८ ते १० मिमी ठेवा, गॅस मिनिटाला १० लिटरच्या आसपास. गॅस वाढवला की चांगलं होतं असं नाही; तो घुसळून उलट बाहेरची हवा आत ओढतो. आता ट्रिगर दाबा आणि डोळ्यांपेक्षा कानाकडे लक्ष द्या. सेटिंग जमलं की कढईत मोहरी तडतडावी तसा एकसंध आवाज येतो. तार गनला मागे ढकलत ठकठक करत असेल तर तारेचा वेग जास्त आहे. मोठा गोळा होऊन थेंब टपटपत असेल, तार टिपलाच चिकटत असेल, तर वेग कमी आहे किंवा व्होल्टेज जास्त. एका वेळी एकच बटण फिरवा आणि आकडे खडूने पत्र्यावरच लिहून ठेवा.

मग पत्रा उलटा करून पाहा. खरं शिक्षण मागच्या बाजूला असतं. पुढे सुंदर मणी (वितळून थिजलेल्या धातूची उंच रेघ) आणि मागे नुसता निळसर डाग, म्हणजे धातू वर बसलाय, आत गेलेला नाही. मागे बारीक, सलग उंचवटा दिसला की जोड पक्का. मण्यात बारीक छिद्रं असतील तर गॅस पोचत नाहीये: पंख्याचा वारा, शिंतोड्यांनी बुजलेला नोझल किंवा अस्वच्छ पत्रा, या तिघांपैकी एक कारण असतं.

त्यानंतर दोन तुकडे कडेला कड लावून जोडा. इथे सलग रेघ ओढायचीच नाही. एक सेकंद ट्रिगर, एक टाका, थांबा. पुढचा टाका पलीकडच्या टोकाला, मग मधोमध, मग उरलेल्या जागांच्या मध्यावर. सलग रेघ ओढली तर जोड आकसतो आणि पत्रा पापडासारखा नाही, पण नजरेला खुपेल इतका वाकतो. मुद्दाम एका तुकड्यावर करून पाहा, म्हणजे पटेल. जोड तयार झाला की वाईसमध्ये धरून हातोडीने वाकवा. पत्रा फाटला आणि जोड टिकला, तर तुम्ही गाडीजवळ जायला तयार आहात. जोड उघडला तर आणखी सराव हवा.

शिकवणारं कुणी हवं असेल तर औंधच्या शासकीय आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम आहे. नोकरी सांभाळून तो जमणार नाही, पण ओळखीचा एखादा माजी विद्यार्थी दोन रविवार शेजारी उभा राहिला तरी हाताचा कोन आणि वेग फार लवकर सुधारतो.

पहिला तुकडा

पहिली जागा निवडताना लपणारी, सपाट आणि सिलपासून दूर असलेली निवडा. मागच्या सीटखालचा तळ उत्तम.

आधी पुठ्ठ्याचा साचा. खडूच्या घेरावर पुठ्ठा ठेवा, कोपरे गोलाकार कापा, कारण टोकदार कोपऱ्यात ताण साठतो आणि तिथूनच तडा जातो. साचा पत्र्यावर उतरवून तुकडा कापा. आता तो तुकडा गाडीवर ठेवून त्याच्याभोवती सुईने रेघ मारा आणि मगच गाडीचा पत्रा कापा. हा क्रम उलटा केला की भोक मोठं होतं आणि तुकडा लहान.

कापायला ग्राइंडरवर एक मिलिमीटरचं कटिंग व्हील लावा. रेघेच्या आत कापा आणि उरलेलं कानशीने घ्या. फट सगळीकडे सारखी हवी, पत्र्याच्या जाडीइतकी किंवा त्याहून कमी. एका बाजूला फट शून्य आणि दुसरीकडे दोन मिमी असेल तर त्या दोन मिमीवर भोक पडणारच. बसवण्यात घालवलेला तास वेल्डिंगमध्ये तीन तास वाचवतो, म्हणून इथे आळस करू नका.

तुकडा मॅग्नेट किंवा क्लॅम्पने धरून चार बाजूंना चार टाके. उठा, बाजूने पाहा, दोन्ही पत्रे एका पातळीत आहेत का ते बोट फिरवून तपासा. एखादी कड वर असेल तर टाका गरम असतानाच हातोडीने बसवा, मागून लोखंडी ठोकळा धरून. मग टाके वाढवत जा, अंतर ३० मिमीवर आलं की मधले भरत जा. दर काही टाक्यांनी थांबा आणि हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. ओल्या फडक्याने घाईने थंड करू नका.

भोक पडलं तर लगेच त्यात तार ओतत बसू नका. गार होऊ द्या, मागे तांब्याचा तुकडा धरा (फ्रिजची जुनी तांब्याची नळी चपटी केली की झालं) आणि कडेकडेने छोट्या टाक्यांनी भरत या. तांब्याला वेल्डिंग चिकटत नाही आणि ते उष्णता ओढून घेतं.

जोड आकसून खोलगट झाला असेल तर त्याखाली ठोकळा धरून वरून हलके ठोके द्यावे लागतात. ठोक्याने आकसलेला धातू पसरतो. हे वाचून कळत नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत थोडा वेळ उभं राहून पाहा. तिथलं तांबं आपल्या पत्र्यापेक्षा मऊ, पण जवळजवळ, सारख्या वजनाचे, ओळीने पडणारे ठोके कसे असतात ते तिथे नीट दिसतं.

कारखान्यात जिथे दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्ड केलेले असतात, तिथे वरच्या पत्र्याला ६ ते ८ मिमीची भोकं पाडून ती भरायची. सुरुवात भोकाच्या मध्यावर खालच्या पत्र्यापासून करा आणि गोल फिरत बाहेर या. मूळ जेवढे स्पॉट होते निदान तेवढे घाला. या जोडाची परीक्षाही भंगारावर आधी घ्या: छिन्नीने सोलल्यावर खालच्या पत्र्याचा लचका निघाला पाहिजे.

सिल

सिलला हात तळाचे बरेच तुकडे जमल्यावरच लावा, आणि एका वेळी एकच बाजू. दोन्ही सिल एकदम कापल्या तर गाडी मधून खचते आणि नंतर दरवाजे कधीच नीट लागत नाहीत. कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत २५ मिमीचा चौकोनी पाइप आडवा आणि तिरका टाके मारून बसवा. दरवाजाभोवतीच्या फटी मोजून कागदावर लिहा. काही टाक्यांनंतर दरवाजा लावून पाहा, मापं ताडून पाहा. पाइप बसवण्याच्या आणि पहिल्या कापाच्या वेळी अनुभवी डेंटर बोलावून त्याची मजुरी द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीची ताकद या सिलमध्ये आहे आणि आत बसणारी आपलीच माणसं आहेत.

गंज परत येऊ नये म्हणून

वेल्डिंगनंतर फ्लॅप डिस्कने उंचवटे उतरवा, पण जोड पातळ होईपर्यंत घासू नका. एका जागी डिस्क टेकवून ठेवली की पत्रा निळा पडतो आणि वाकतो. उघडा पत्रा त्याच दिवशी झाका. पुण्याच्या पावसाळी हवेत तो रात्रभरात लालसर होतो, म्हणून मोठं काम दिवाळीनंतर काढावं आणि मेअखेरपर्यंत प्रायमर मारून मोकळं व्हावं. आधी झिंक किंवा इपॉक्सी प्रायमर, मग जोडांच्या फटी बुजवणारा सीम सीलर, मग तळाला लेप. सीलर उघड्या पत्र्यावर लावला तर त्याखाली ओल धरते. सिल, खांब यांच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं पातळ मेण) पिचकारीने मारा. तिथे आतून वेल्डिंगने जळलेला रंग आपल्याला दिसत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. दरवाजांच्या आणि सिलच्या खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. भोकांवर लांबी (पुट्टी) भरून किंवा फायबर चिकटवून विकलेल्या गाड्या तुम्हाला दिसतील. लांबी ही रंगाआधी बारीक उणीव भरायला असते, पत्र्याच्या जागी नाही.

बॉनेट, मडगार्ड, दरवाजाचा बाहेरचा पत्रा सगळ्यात शेवटी घ्या. मोठ्या सपाट पत्र्यावर थोडी उष्णताही लाट उठवते आणि ती रंगाखाली लपत नाही. तिथे हात कचरत असेल तर ते काम डेंटरला द्या आणि शेजारी उभं राहून पाहा.

कागदपत्रांचंही याच काळात पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेची व्हिंटेज नोंदणी करता येते, पण तिची अट अशी की चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. म्हणून तुकडे मूळ आकाराचे आणि मूळ जागीच बसवा, आणि कापण्याआधीचा, कापल्यानंतरचा, जोडल्यानंतरचा असा प्रत्येक जागेचा फोटो तारखेसह जपून ठेवा.